खाडीतील सहल

होडीतून सहलीला जाण्याची गोष्ट निघाली, की घरात दोन मते ऐकू येतात. मुलांना वाटते, होडी मिळाली, वल्हे हाती आले, की झाले! वडीलधाऱ्यांना वाटते, पाण्याचे नावच नको. ही दोन्ही मते एकांगी होत. ज्यांना समुद्र व खाड्या लाभल्या, त्यांनी पाण्याला भिऊन दूर राहणे बरे नव्हे. परंतु पाण्याचा स्वभाव न जाणता त्यात शिरणे हेही शहाणपणाचे नव्हे.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. तिची खाडी सकाळी आरशासारखी निश्चल भासते. पण ही शांतता वरवरची असते. कोकणच्या किनाऱ्यावर साधारणपणे दिवसातून दोनदा भरती व दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा पाण्याला ओढ फार असते. अष्टमीच्या आसपास ती मंदावते. या दिवसांना भांग म्हणतात. नवशिक्यांनी हेच दिवस निवडावेत.

तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की भरतीची वेळ निघते, असा कोळ्यांचा जुना आडाखा आहे. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे भरती साडेसातच्या सुमारास. ठिकाणानुसार ही वेळ मागेपुढे होते. म्हणून छापील वेळापत्रक पाहावे आणि गावच्या नाखव्याला विचारावे. पूर्ण भरतीच्या तासभर आधी निघून पाण्याबरोबर नदीच्या वरच्या अंगाला जावे. पाणी थबकले, की परत फिरावे. मग ओहोटीच होडीला घराकडे आणते. थकलेल्या हातांना याहून मोठे साहाय्य कोणते? मात्र खाडीच्या मुखाकडे जाऊ नये; तेथे ओहोटीची ओढ व समुद्राच्या लाटा एकमेकींना भिडतात.

दुपारी समुद्रावरून खारे वारे सुटतात व वल्हवणे कठीण होते. म्हणून सकाळच उत्तम. पावसाळ्यात तर खाडीत उतरूच नये. जागाही विचारूनच निवडावी. वाशिष्ठीच्या खाडीत मगरी आहेत, ही गोष्ट पाण्याकडे पाहून कळत नाही; ती गावकऱ्यांना विचारूनच कळते. जाणता माणूस सोबत असावा, जीवरक्षक जाकीट होडीत नव्हे, अंगावर असावे, पिण्याचे पाणी जवळ असावे आणि परतण्याची वेळ काठावरच्या कोणाला तरी सांगून ठेवावी. होडी उलटली, तर तिला धरून राहावे. पोहत काठ गाठण्याची घाई करू नये.

इतकी तयारी केल्यावर सहलीतील गंमत नाहीशी होते, असे काहींना वाटेल. वस्तुतः ज्याचे मन निश्चिंत आहे, त्यालाच कांदळवनातील बगळा दिसतो आणि वल्ह्यावरून ठिबकणाऱ्या थेंबांचा नाद ऐकू येतो. आणि सगळी तयारी झाल्यावर ऐन वेळी वारा सुटला, तर होडी काठावरच बांधून घरी परतण्यासही धैर्य लागते. ते ज्याच्या अंगी आहे, त्याच्या हाती वल्हे देण्यास वडीलधाऱ्यांनीही कचरू नये.