लाडू जेवत नाहीये!

संक्रांतीच्या आदल्या रात्री साडेअकराला मोबाईल वाजला. पलीकडे माझा मामेभाऊ. आवाज एकदम पडलेला.

‘ताई, लाडू जेवत नाहीये.’

आता तुम्हाला वाटेल लाडू म्हणजे लॅब्रेडॉर. किंवा गुबगुबीत पर्शियन मांजर. नाही बॉस! लाडू म्हणजे बॉल पायथन. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत राहणारा, बिनविषारी, आकाराने छोटा अजगर. घाबरला की डोकं मध्ये घेऊन स्वतःचाच गोळा करतो, म्हणून इंग्रजीत ‘बॉल’ आणि आमच्या घरात ‘लाडू’. भाऊ नागपूरला आयटीत आहे, टू-बीएचकेत एकटा राहतो आणि कुत्र्याला फिरवायला वेळ नाही म्हणून त्याने ऑगस्टमध्ये साप आणला. (आमच्या पिढीचं लॉजिक. मी काही बोलत नाही.)

तर हा लाडू नोव्हेंबरपासून उपाशी होता. आणि संक्रांतीच्या सुट्टीत त्याच्याकडे बघायला कोणी नाही म्हणून भाऊ त्याला डब्यात घालून, कारच्या पुढच्या सीटवर ठेवून आंबागडला घेऊन गेला होता. आंबागड म्हणजे माझं आजोळ. भंडारा जिल्ह्यात, तुमसरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. डोंगरावर जुना किल्ला, खाली धानाच्या बांध्या, बोड्या आणि आमच्या मामांचं कौलारू घर.

मी सकाळी पोहोचले तेव्हा ओसरीवर कोर्ट भरलेलं होतं. मामा आरोपीला विचारत होते, ‘नागपूरहून साप आणला? काऊन बे, आपल्या इथं कमी हायेत का?’

पॉइंट होता! धानाची कोठी असलेल्या घरात धामण येणं ही काही ब्रेकिंग न्यूज नसते. उंदरांमागे ती येते, पोट भरलं की जाते. बोडीत पाणदिवड असतेच. मामांनी आयुष्यात इतके साप बघितलेत, पण सापाला जेवू घालायचं टेन्शन त्यांनी पहिल्यांदाच बघितलं.

मामींनी मात्र प्रश्न एका वाक्यात सोडवला. ‘जेवत नाई तं दूध दे ना त्याले.’

आणि माझ्या पोटात गोळा आला.

कारण ते मी करून झालंय. याच घरात. दहा वर्षांची होते, उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर पावसाळ्यातही मुक्काम लांबला होता. अंगणात धामणीचं पिल्लू सापडलं, पेन्सिलीएवढं. मी ते कॉफीच्या बरणीत ठेवलं, झाकणाला भोकं पाडली आणि बशीत दूध दिलं. दुधात कुस्करलेली पोळी दिली. ते खाईना तसं मी जास्त दूध दिलं. नवव्या दिवशी ते हललं नाही. सगळ्यांनी समजूत घातली की ‘लहानच होतं’. कितीतरी वर्षांनी मला कळलं की धामणीचं पिल्लू छोटे बेडूक, पाली, सरडे खातं. दूध कुठलाच साप पचवू शकत नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग वाटीत तोंड घालायचा तो तहानेने, कारण आधी कित्येक दिवस त्याला पाणीसुद्धा मिळालेलं नसायचं. आणि हो, आपल्याकडचा साप असा बरणीत, टाकीत किंवा कशातही पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. दहा वर्षांच्या मला ते माहीत नव्हतं. बरणी अजून डोळ्यांसमोर आहे.

त्यामुळे लाडूच्या केसमध्ये मी जरा जास्तच सिरिअस झाले.

पहिलं काम, वजन. भाऊ नुसता ‘बारीक झालाय, बारीक झालाय’ करत होता. सापाच्या बाबतीत नजरेवर जायचं नाही. आकडा पाहिजे. मामांकडे इलेक्ट्रॉनिक काटा नाही, तेव्हा आमची वरात गावातल्या किराणा दुकानात. रिकामा डबा ठेवून काटा शून्यावर आणला, मग बाहेर येऊन लाडूला डब्यात घातलं, झाकण घट्ट लावलं आणि पुन्हा आत.

‘काय हाय डब्यात?’ दुकानदारांनी विचारलं.

‘लाडू,’ भाऊ बोलून गेला.

‘तिळाचे का शेंगदाण्याचे?’

संक्रांतीचा दिवस! आम्ही काय उत्तर देणार? काट्यावर ४१० ग्रॅम आले आणि आम्ही सटकलो.

ऑगस्टमध्ये घेतला तेव्हा लाडू ४५० ग्रॅम होता. म्हणजे ४० ग्रॅम गेले, साधारण नऊ टक्के. नागपूरच्या ज्या व्हेटना सापांचं कळतं, त्यांना फोन लावला. ते म्हणाले, दहा टक्क्यांच्या पुढे वजन गेलं की लाडूला सरळ घेऊन या. तोवर पाठीकडे बघा. साप धष्टपुष्ट असेल तर अंग गोल लागतं. कणा वर येऊन अंग घराच्या छपरासारखं त्रिकोणी दिसायला लागलं की तो खरंच खंगलाय. तोंडात फेस किंवा बुडबुडे आहेत का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय का, खवल्यांमध्ये गोचिडीसारखे बारीक किडे आहेत का, कात अर्धवट अडकलीय का? लाडूचं सगळं ठीक होतं. कणा किंचित जाणवत होता, एवढंच.

मग त्यांनी विचारलं, ‘टाकीत रात्री तापमान किती असतं?’

शांतता.

इथे खरी गोष्ट आहे. तुम्ही-आम्ही जे जेवतो त्यातला मोठा हिस्सा अंग ३७ डिग्रीला गरम ठेवण्यात जातो. सापाचं हे बिलच येत नाही. तो गरमी बाहेरून घेतो, म्हणून आठवड्यातून एकदा किंवा महिन्यातून एकदा जेवूनही मजेत राहतो. पण याची दुसरी बाजू अशी की बाहेर गरमी नसेल तर त्याला अन्न पचवताच येत नाही. अजगराचं पचन हे प्रचंड काम असतं. उपासात त्याचं आतडं आकसतं आणि जेवण झालं की पुन्हा वाढतं. बर्मी अजगरांवरच्या अभ्यासात तर असं दिसलंय की भरपेट जेवणानंतर दोन-तीन दिवसांत त्यांचं हृदय सुमारे ४० टक्क्यांनी मोठं होतं. एवढी यंत्रणा थंडीत सुरू होत नाही. पोटात गेलेला उंदीर मग पचायच्या ऐवजी सडतो आणि साप तो ओकून टाकतो. त्यापेक्षा न खाल्लेलं बरं, एवढं सापाला कळतं.

बॉल पायथनला टाकीची एक बाजू ३१-३२ डिग्री लागते आणि दुसरी २५-२६च्या आसपास, म्हणजे हवं तसं त्याला सरकता येतं. आमच्या बंधूंनी टाकीखाली हीट मॅट लावली होती, पण थर्मोस्टॅट न घेता. आणि आग लागेल या भीतीने तो रोज झोपताना ती बंद करत होता! नागपूरची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुम्हाला माहितीये. पारा दहाच्या आसपास जातो. आंबागडला तर त्या रात्री वीजही गेली होती. डब्यातल्या थर्मामीटरवर सकाळी १७ डिग्री होते.

पुढचा गुन्हा त्याने स्वतःच कबूल केला. वजन पटकन वाढावं म्हणून नोव्हेंबरमध्ये त्याने मोठा जिवंत उंदीर आणून टाकीत सोडला आणि झोपून गेला. सकाळी उंदीर जिवंत, आणि लाडूच्या पाठीवर चावा. साप शिकारी असला तरी भूक नसलेल्या सापाला उंदीर कुरतडू शकतो. जखम भरली, पण तेव्हापासून टाकीत उंदीर दिसला की लाडूचा लगेच गोळा. सापाला द्यायचा उंदीर त्याच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढाच हवा. लाडूच्या मापाला ४०-४५ ग्रॅमचा पुरे. शक्यतो मेलेला, फ्रीझरमधून काढून गरम पाण्यात कोमट केलेला, चिमट्याने धरून दिलेला. आणि तो पैदास केलेला पांढरा उंदीर असावा. हे ऐकून मामी खूश होऊन कोठीमागच्या सापळ्यातला उंदीर घेऊन आल्या होत्या. परत पाठवला. गावात उंदरांना औषध घालतातच, आणि ते उंदराच्या पोटातून सापाच्या पोटात जाऊ शकतं.

त्यात भर म्हणजे रोजचं हाताळणं. ऑफिसातून आला की लाडू गळ्यात, मित्र आले की लाडू गळ्यात, फोटोसाठी लाडू गळ्यात. हा प्राणी जंगलात उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात दिवस काढतो. लपायला अंधारी जागा नसली की तो जेवायचं नावच काढत नाही. भावाच्या टाकीत एलईडीच्या माळा होत्या. लपायची जागा? शून्य.

मला सगळ्यात भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. त्याच्या बॅगेत एक चिमटा होता आणि त्या रात्री तो जबरदस्तीने भरवणार होता. फोन केला तो धीर गोळा करायलाच. व्हेट यावर एकदम कडक बोलले. जबरदस्तीत तोंड फाटतं, घसा सोलतो, आणि घाबरलेला साप पुढे आणखी महिनाभर खात नाही. अगदी शेवटचा उपाय म्हणून, तेही डॉक्टरच्या हातून. मोठे बॉल पायथन थंडीत काही महिने आपणहून उपास करतात आणि त्यांना काही होत नाही. वाढत्या वयाच्या पिल्लांना इतकी सूट नसते, म्हणून काटा जवळ ठेवायचा.

‘मग आज काय करू?’ भावाने विचारलं.

‘गरम करा आणि त्याला एकटं सोडा,’ व्हेट म्हणाले.

मामांनी कंबरेला शेकायची रबरी पिशवी आणली. गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला लावली, वर घोंगडी टाकली, हवेला फट ठेवली. दर तीन तासांनी पाणी बदललं. रात्री दोनला मी उठले तर मामा कंदील घेऊन तिथेच. ‘थंडीत आपल्या धामनी तरी कुठं दिसतात? बिळात पडून रायतात. खात बी नाई,’ ते म्हणाले. दुपारभर मी जे फोनवरून ऐकलं होतं ते मामांना आधीच माहीत होतं. फक्त आफ्रिकेच्या सापाला ते लागू आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

नागपूरला परतल्यावर थर्मोस्टॅट आला, दोन उलट्या कुंड्या आल्या, माळा गेल्या. दहा दिवस गळाभेट बंद. अकराव्या रात्री भावाने कोमट केलेला छोटा उंदीर चिमट्याने कुंडीच्या तोंडाशी धरला आणि लाडूने झडप घातली. मला मेसेज आला त्यात शब्द नव्हतेच, नुसती उद्गारचिन्हं. पुढचे दोन दिवस हात लावायचा नाही, हेही त्याने पाळलं. चार जेवणांनंतर काट्यावर ४४५. मामांचा दर रविवारी फोन येतो आणि पहिला प्रश्न ‘लाडूनं खाल्लं का?’. स्वतःच्या मुलाने खाल्लं का, हे त्यानंतर.

एक भानगड मात्र उरलीय. बॉल पायथन ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२च्या दुरुस्तीनंतर असे परदेशी प्राणी आपल्या वन्यजीव कायद्यात आलेत, आणि फेब्रुवारी २०२४च्या नियमांप्रमाणे ते बाळगणाऱ्याला परिवेश पोर्टलवरून मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंदणी करावी लागते, नवा प्राणी आला तर ३० दिवसांत. विकणाऱ्याने भावाला सांगितलं होतं, ‘कागद-बिगद काही लागत नाही.’ आता त्याचा फोन लागत नाही. मुदत केव्हाच उलटून गेलीय, आणि भाऊ लॅपटॉपवर अर्ज उघडून बसलाय. प्राणी कुठून घेतला, याचं उत्तर काय लिहायचं, हे तो मला विचारतोय. मी त्याला सांगितलंय, जे झालं तेच लिही. आणि आधी वन विभागात जाऊन ये, मी येते बरोबर.