ऐदीपणाचा आरोप आणि मजुरीचा हिशेब

सिल्लोड तालुक्यात मिरचीची तोडणी, कापसाची वेचणी आणि मक्याची सोंगणी सुरू झाली की एक तक्रार हमखास कानी येते. मजूर मिळत नाहीत; मिळाले तर मन लावून काम करीत नाहीत; रेशनच्या फुकट धान्याने ही माणसे ऐदी झाली आहेत. अलीकडे आपल्याच समाजातील नोकरीपेशाचे सुशिक्षित बांधवही या बोलण्यास मान डोलावू लागले आहेत. सबब या आरोपाची रीतसर तपासणी करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आरोप करणाऱ्याने पुरावा द्यावा, हा न्यायाचा साधा नियम होय. येथे पुरावा नेमका उलट आहे. 1972-73 च्या दुष्काळात मे 1973 मध्ये महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसे राबत होती. भर उन्हात खडी फोडणाऱ्या आणि पाझर तलावाची माती डोक्यावरून वाहणाऱ्या या स्त्रीपुरुषांनी भीक मागितली नाही, काम मागितले. त्या मागणीच्या रेट्यातूनच रोजगार हमीचा 1977 चा कायदा झाला व 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. आजही मराठवाड्यातून लाखो माणसे दरसाल ऊसतोडीस जातात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि मुकादमाची उचल फिटेपर्यंत दोघेही पहाटेपासून रात्रीपर्यंत फडात वाकलेली असतात. गावात जी माणसे ऐदी ठरतात, तीच फडात एवढे कष्ट कशी उपसतात, याचे उत्तर आरोप करणारांनी द्यावे.

वस्तुतः मजूर पळतो तो कामापासून नव्हे. अपुरी मजुरी, पैशासाठी घालावे लागणारे हेलपाटे आणि त्यावर मिळणारे अपशब्द यांपासून तो पळतो. वाळूजच्या कारखान्यात किंवा शहरातील इमारतीच्या कामावर चार पैसे जास्त व ठरल्या दिवशी मिळत असतील, तर तेथे जाणे यास आळस म्हणत नाहीत. व्यापारी चढ्या भावाच्या बाजारात माल नेतो, तेव्हा त्यास आपण शहाणा म्हणतो.

या आरोपाचे मूळ जुन्या गावगाड्यात आहे. तेथे श्रमाचा मोबदला हा हक्क नव्हता, मेहेरबानी होती. महार वतनदाराने रात्री-अपरात्री सरकारी हाक आली की धावावे आणि मोबदल्यासाठी मात्र गावकऱ्यांच्या बलुत्याची वाट पाहावी, अशी ती रीत होती. ती मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनविषयक विधेयक मांडले. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांतील ज्या विणकाम खात्यात अधिक पैसा मिळे, तेथे अस्पृश्य कामगारांस मज्जाव होता. त्याविरुद्धही त्यांनी आवाज उठविला. कामाचा दर आणि कामावर घेण्याचा अधिकार, हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकत्र हाताळले. आजही गटार उपसण्यास माणूस हवा असला म्हणजे कोणत्या वस्तीत निरोप जातो, हे वाचकांस सांगावयास नको.

लहान शेतकऱ्याची अडचण आम्ही जाणतो. मिरचीचा भाव कोसळला की त्याच्या हाती काही उरत नाही. परंतु त्याची तूट मजुराच्या घामातून भरून काढणे हा त्यावर उपाय नव्हे. त्याने भावासाठी भांडावे, आणि त्या लढ्यात मजुरानेही त्याच्या बाजूस उभे राहावे. किमान वेतन देण्याची ऐपत नाही ही सबब कायद्यापुढे टिकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1961 साली उन्नीचोयी खटल्यात म्हटले. 1982 साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात तर किमान वेतनाहून कमी पैशात काम घेणे म्हणजे घटनेच्या 23 व्या अनुच्छेदाने मना केलेली वेठच होय, असा निर्वाळा दिला.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 साली ज्या किमान वेतनाच्या विधेयकाची मांडणी केली, त्याचा 1948 साली कायदा झाला. त्याची जागा आता 2019 च्या वेतन संहितेने घेतली असून ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आहे. तिच्यातील तीन गोष्टी प्रत्येक मजुराने ध्यानी धराव्यात. वेतन कमी मिळाल्यास तीन वर्षांपर्यंत दावा करता येतो. दावा दाखल झाल्यावर पैसे दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. आणि त्याच कामासाठी बाईला पुरुषाहून कमी मजुरी देता येत नाही. मात्र दावा करणाऱ्याने आपण कोठे, किती दिवस आणि कोणाकडे राबलो हे सांगितले पाहिजे. यासाठी हजेरीची वही घरोघरी असावी व शाळेत जाणाऱ्या मुलामुलींनी ती आईबापांस लिहून द्यावी.

कष्टाची थोरवी आम्हांस मान्य आहे. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी सेवकास काम नीट करण्यास सांगितले, आणि त्याच उपदेशात धन्यासही पाच कर्तव्ये घालून दिली. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर विसावा द्यावा. यांतील अर्धाच उपदेश मजुरास ऐकविणे हा धर्म नव्हे. आपल्या सुशिक्षित बांधवांनी याची सुरुवात स्वतःच्या घरापासून करावी. घर बांधताना मिस्त्रीच्या हाताखाली राबणाऱ्या बाईस काय मिळते, हे त्यांनी आज संध्याकाळी विचारावे. आणि ते कमी असल्यास पुरते करावे.