विधी विद्यापीठांची उतरंड आणि आपल्या लेकरांचा पसंतीक्रम

गेल्या वर्षी सीईटीच्या प्रवेशफेऱ्या सुरू असताना एका संध्याकाळी आम्ही किल्लारीच्या विहारात बसलो होतो. बारावी झालेला एक मुलगा हातात प्रिंट घेऊन आला. पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची सीईटी त्याने दिली होती, गुणही बरे होते. त्याने विचारले, "सर, हे पसंतीक्रम आपणच भरायचे असतात का? मला वाटलं कॅफेवालाच भरतो." प्रिंट पाहिली तर नेट कॅफेवाल्याने महाविद्यालयांची नावे यादीत वरून खाली जशी आली तशीच टाकली होती. सुदैवाने दोन दिवस हातात होते, अर्ज दुरुस्त झाला. पण त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. कोणते विधी महाविद्यालय "चांगले", हे नेमके कोण ठरवते? आणि आपली मुलेमुली ते ठरवणाऱ्यांत आहेत का?

क्रम ठरतो कसा?

आज क्लॅट देणाऱ्या कुठल्याही विद्यार्थ्याला क्रम विचारा, तो पाढ्यासारखा म्हणून दाखवेल: बेंगळुरू, हैदराबाद, कोलकाता, मग जोधपूर, गांधीनगर, भोपाळ. हा क्रम कुठल्या कायद्यात लिहिलेला नाही. बेंगळुरूचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ देशात पहिले; त्याची पहिली तुकडी १९८८ मध्ये बसली. हैदराबादचे नालसार १९९८ चे. २००८ मध्ये सात विद्यापीठांनी मिळून पहिली क्लॅट घेतली, तेव्हा जुने ते वर आणि नवे ते खाली असा साधा हिशेब होता. आज क्लॅटमधून प्रवेश देणारी विद्यापीठे वीसहून अधिक आहेत. दिल्लीचे विद्यापीठ पहिल्यापासून स्वतःची वेगळी परीक्षा घेते.

पुढे हिशेब बदलला. वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी जिथे गेले तिथे मोठ्या लॉ फर्म नोकऱ्या द्यायला आल्या, आणि नोकऱ्या आल्या म्हणून पुढच्या वर्षीचे वरचे विद्यार्थी तिथेच गेले. भोपाळनंतर सुरू झालेले गांधीनगर पसंतीत भोपाळच्या पुढे गेले. आपल्या राज्याचा कायदा २०१४ चा; त्यानुसार मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) अशी तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठे उभी राहिली. त्यातले मुंबईचे विद्यापीठ वयाने लहान असूनही अनेक जुन्या विद्यापीठांना मागे टाकून वर सरकले. कारण उघड आहे. उच्च न्यायालय तिथे, मोठ्या फर्म तिथे, कंपन्या तिथे. म्हणजे पसंती आधी वयावर ठरत होती, मग नोकरीवर ठरू लागली आणि आता शहरावर ठरते आहे.

क्लॅटमधला "शेवटचा क्रमांक" म्हणजे मागच्या वर्षीच्या मुलांनी काय निवडले याची नोंद. तिथले प्राध्यापक कसे शिकवतात, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याशी वसतिगृहात कसे वागले जाते, अत्याचाराच्या खटल्यात उभा राहणारा वकील तिथे घडतो का, यातले काहीच त्या आकड्यात नसते. ज्यांनी निवडले त्यांच्या गरजा त्यात असतात, आणि निवडणाऱ्यांत किल्लारी, औसा, निलंगा, मुखेड, बिलोलीची मुले फारच थोडी.

आपण यादीत का नाही?

पहिले कारण वेळेचे. क्लॅट आता डिसेंबरमध्ये होते आणि तिचे अर्ज त्याआधी काही महिने भरून घेतात. म्हणजे बारावीचे वर्ष अर्धे सरण्याआधी निर्णय झालेला असावा लागतो. आमच्याकडे कायद्याचा विचार सुरू होतो तो नीटचा निकाल लागल्यावर, किंवा बीए होऊन स्पर्धा परीक्षेत दोन-तीन वर्षे गेल्यावर. लातूरच्या ट्यूशन एरियात डॉक्टर-इंजिनिअर होण्याची वाट विचारली तर दहा जण दाखवतील. क्लॅटचे नाव घेतले की पुण्याकडे बोट दाखवतात. लातूर पॅटर्नने जिल्ह्याला नाव मिळवून दिले हे खरे, पण त्या पॅटर्नमध्ये वकील नाही.

दुसरे कारण भाषेचे. राज्याची विधी सीईटी मराठीतूनही देता येते आणि तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. क्लॅट फक्त इंग्रजीत. दोन तासांत १२० प्रश्न, तेही लांब उतारे वाचून, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. ही परीक्षा प्रादेशिक भाषांतूनही घ्यावी म्हणून २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली, बार कौन्सिल ऑफ इंडियाने त्या मागणीला पाठिंबाही दिला. परीक्षा अजून इंग्रजीतच आहे. जिल्हा परिषद शाळेत शिकलेल्या मुलीला कायदा समजत नाही असे मुळीच नाही. पण उतारा वाचून होण्याआधीच तिची वेळ संपते.

तिसरे कारण पैशाचे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांचा वर्षाचा खर्च लाखांत जातो आणि जागा मिळण्याआधी कौन्सेलिंगसाठीच हजारो रुपये भरावे लागतात. ज्या घरात आईबाप ऊसतोडीला किंवा पुण्याला बांधकामावर जातात, त्या घरात हा आकडा ऐकूनच विषय संपतो. पण इथे माहितीचाही दुष्काळ आहे. केंद्राच्या टॉप क्लास योजनेत नामांकित संस्थांमधल्या अनुसूचित जातीच्या ठरावीक विद्यार्थ्यांची पूर्ण शिकवणी फी सरकार भरते. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख. राज्यात मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिची मर्यादा अडीच लाख. वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजनेतून मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत मदत मिळू शकते. पैसे उशिरा येतात ही तक्रार खरी आहे आणि ती लावून धरलीच पाहिजे. पण योजनेचे नावच माहीत नसल्यामुळे फॉर्म न भरणे हे आपले आपणच केलेले नुकसान आहे.

चौथे कारण फक्त आपले, बौद्धांचे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना केंद्राच्या पातळीवर अनुसूचित जातीच्या सवलती लागू झाल्या. तरीही राज्याबाहेरच्या विद्यापीठात केंद्राच्या नमुन्यातले जातीचे प्रमाणपत्र मागतात, आणि आपल्या मुलांकडे बहुतेक वेळा फक्त राज्याच्या नमुन्यातले असते. आमच्या ओळखीतल्या एका मुलीची अशीच धावपळ झाली. कागद हातात आला तोवर फेरी संपली होती. ती आता जवळच्या महाविद्यालयात शिकते, जिद्दीने शिकते. पण ती जागा गुणांअभावी गेली नव्हती, एका कागदापायी गेली होती.

मैदान बदलते आहे

गेल्या दोन वर्षांत तीन गोष्टी घडल्या आणि त्या प्रत्येक इच्छुक विद्यार्थ्याने समजून घ्याव्यात.

३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की वकिलीच्या सनदेसाठी कायद्यात ठरलेल्यापेक्षा जास्त फी घेता येणार नाही: खुल्या प्रवर्गाला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये. याआधी राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. दारावरची पहिली साखळी निघाली.

२० मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने दुसरा निर्णय दिला. दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसायचे तर आता तीन वर्षांची वकिली हवी. २००२ पासून पदवी घेऊन थेट परीक्षा देता येत होती, ती वाट बंद झाली. अनुभवी माणूस न्यायाधीश व्हावा हे म्हणणे समजण्यासारखे आहे. पण ही तीन वर्षे कोणाच्या जिवावर काढायची? ज्याचे वडील वकील आहेत तो घरच्या ऑफिसात काढेल. आपला मुलगा ज्येष्ठ वकिलांच्या फायली उचलत काढेल, आणि महिन्याअखेरीस खोलीचे भाडे कुठून आणायचे याचा विचार करील. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने कनिष्ठ वकिलांना शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे असे सुचवले. ती शिफारस आहे, सक्ती नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये तिसरी गोष्ट झाली: नवी विधी महाविद्यालये उघडण्यावर बार कौन्सिलने तीन वर्षांची बंदी घातली. दर्जा घसरतो आहे हे त्यामागचे कारण. म्हणजे पुढची काही वर्षे आहेत त्याच महाविद्यालयांत आपल्याला जागा आणि दर्जा दोन्ही मागावे लागतील.

किल्लारीला वकील कशासाठी हवा?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे या परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. नंतर ५२ गावे पूर्ण नव्या जागी वसवली गेली. घरे मिळाली ती जमिनीच्या मापाने: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या कुटुंबाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून जास्त जमीन असेल तर ७५०. भूकंपाने सगळ्यांची घरे सारखीच पाडली होती. बांधताना मात्र जुनी उतरंड कागदावर परत आली. आपली बहुतेक घरे २५० च्या रकान्यात बसली. तेव्हा हा निकष वाचून त्यावर हरकत घेणारी, वारस नोंदीसाठी तहसीलच्या पायऱ्या चढणारी शिकलेली माणसे वस्तीत किती होती? आमच्या आईवडिलांच्या पिढीला विचारा. अंगठा उठवला आणि घर घेतले, एवढेच ते सांगतात.

आणि परभणी अजून ताजी आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. मराठवाड्यातल्या जिल्ह्याच्या गावी राहून कायदा शिकणारा, कुठल्याही क्रमवारीत नसलेला. त्याच्या आईच्या वतीने बाळासाहेब आंबेडकर स्वतः उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात उभे राहिले. जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. तो आदेश मिळाला कारण उभे राहणारे कोणी होते. पण प्रत्येक प्रकरणात एवढा मोठा वकील येणार नाही. ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवताना पोलीस ठाण्यात त्याच रात्री हजर राहणारा, जबाब नीट लिहून घेणारा, साक्षीदार फुटू न देणारा वकील औशात, निलंग्यात, देगलूरमध्येच लागतो.

बाबासाहेबांनी हे करून दाखवले आहे. ग्रेज इनमधून बॅरिस्टर झालेला माणूस चवदार तळ्याचा दावा महाडच्या कोर्टापासून लढत गेला. उच्च न्यायालयात निकाल लागायला १९३७ साल उजाडले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते १९३५ मध्ये प्राचार्य झाले. आणि १९५६ मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ विधी महाविद्यालय सुरू केले. लंडनची पदवी आणि महाडचे कोर्ट यांत त्यांनी एक वरचे, एक खालचे असे केले नाही. देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश भूषण गवई यांनी १९८५ मध्ये वकिली सुरू केली, तेव्हा देशात एकही राष्ट्रीय विधी विद्यापीठ नव्हते.

याचा अर्थ "आपल्याला लातूर-नांदेडच पुरे" असा कोणी काढू नये. घटनापीठापुढचे युक्तिवाद, उपवर्गीकरणासारखे निकाल, मोठ्या फर्म, कायद्याचे संशोधन या सगळ्यात राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आलेली माणसे दिसतात. तिथल्या आपल्या जागा आपणच भरल्या पाहिजेत. म्हणून आमचे म्हणणे एवढेच: क्रम पाठ करू नका, तो स्वतः लावा. पूर्ण शिष्यवृत्तीसह वरचे विद्यापीठ मिळत असेल तर डोळे मिटून जा. लाखोंचे कर्ज काढून यादीतल्या शेवटच्या विद्यापीठात जायचे की मुंबईच्या शासकीय किंवा पुण्याच्या आयएलएसमध्ये जायचे, हा प्रश्न मात्र डोळे उघडे ठेवून सोडवा. आणि जिल्हा न्यायालयातच काम करायचे ठरले असेल तर लातूर-नांदेडच्या महाविद्यालयाला "काही नाही तर हे" म्हणू नका. तिथे शिकता शिकता पहिल्या वर्षापासून कोर्टात बसता येते.

आपण काय करू शकतो?

किल्लारीच्या विहारात आम्ही काही गोष्टी सुरू केल्या आहेत. इतर गावांनीही कराव्यात.

दहावीच्या निकालानंतर लगेच पालकांसह एक बैठक. त्यात नीट-जेईईसोबत क्लॅट आणि विधी सीईटीचे वेळापत्रक भिंतीवर लावायचे.

अकरावीपासून रोज एक इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचायचा आणि मराठीत त्यावर बोलायचे. क्लॅटची निम्मी तयारी यातच होते. क्लासची फी परवडत नसेल तर २०१० पासून वंचित घरांतल्या विद्यार्थ्यांना क्लॅटसाठी तयार करणाऱ्या 'इडिया'सारख्या उपक्रमांशी संपर्क करायचा.

बारावी सुरू होण्याआधी जातीचे प्रमाणपत्र दोन्ही नमुन्यांत, जात पडताळणी, उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला. पसंतीक्रमाचा अर्ज विद्यार्थ्याने स्वतः भरायचा, सोबत शिकलेला एक जण बसवून.

आणि सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात महत्त्वाचे: जयंतीच्या वर्गणीतून तालुक्यातल्या एका तरी नव्या वकिलाला तीन वर्षे महिन्याचा आधार. डीजेच्या दोन रात्रींचा खर्च मांडून पाहा, वर्षाचा मोठा वाटा निघेल. त्या बदल्यात त्याने आठवड्यातून एक दिवस विहारात बसून लोकांचे कागद वाचून द्यायचे. वारस नोंद, सातबारा, पोलिसांची नोटीस, जे येईल ते.

कॅफेवाल्याने क्रम भरून दिलेला तो मुलगा आता पहिल्या वर्षाला आहे. सुट्टीत आला की बारावीच्या मुलांचे फॉर्म तोच तपासतो. परवा एका मुलीला तो विचारत होता, "हे पहिलं नाव तू का टाकलंस, ते सांग आधी." तिला सांगता येईपर्यंत त्याने पुढचे पान उलटू दिले नाही.

जय भीम.