पिशवी जपूच, पण कचरा कुणाच्या माथी?

प्लास्टिकची पिशवी पुन्हा वापरा, असा उपदेश हल्ली सगळीकडे ऐकू येतो. नांदूरघाटच्या आपल्या वस्तीत तो करावा लागत नाही. बाजारातून आलेली पिशवी धुऊन खिळ्याला अडकते. मग तिच्यात डाळ राहते, पावसाळ्यात रेशनकार्ड आणि जातीचा दाखला. हे पर्यावरणप्रेम नव्हे, गरज आहे.

मग फेकणारे कोण आणि वेचणारे कोण? पुण्यात 1993 मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्य दलित स्त्रिया. कित्येकींची कुटुंबे 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून गेलेली. म्हणजे आपल्याच आया-बहिणी.

म्हणून पिशवी जरूर जपा. तिच्यात खरकटे बांधून फेकू नका. ती गाठ दुसऱ्याच बाईला सोडावी लागते.

पण एवढ्यावर थांबू नका. 2016 च्या प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांनी ग्रामपंचायत आणि उत्पादक, दोघांवरही जबाबदारी टाकली आहे. ग्रामसभेत उभे राहून विचारा: सुका कचरा वेगळा उचलण्याची सोय कुठे आहे? उचलणाऱ्याला हातमोजे आणि पुरेशी मजुरी मिळते का? कचरा साऱ्या गावाचा, तर झाडू एकाच जातीच्या हाती का?

जयभीम!