चिनी ग्रीष्म आणि आपलें स्वयंपाकघर

ऋतुचर्या ही केवळ आपल्याच वैद्यकाची मिरास, अशी पुष्कळांची समजूत असते. आमचीही होती. परंतु चिनी लोकांच्या कालगणनेची थोडीशी ओळख झाली, तेव्हां ती गळून पडली.

सूर्य क्रांतिवृत्तावर पंधरा अंश सरकला कीं एक पर्व, याप्रमाणें ते वर्षाचे २४ भाग करितात; म्हणजे आपल्या एका राशीचे दोन. २०१६ सालीं युनेस्कोनें या गणनेची मानवजातीच्या वारशांत नोंद केली. त्यांपैकीं सहा भाग उन्हाळ्याचे. ५ मेच्या सुमारास ग्रीष्मारंभ. पुढें दाणा भरूं लागण्याचा काळ, मग कुसळाच्या धान्याचा, नंतर दक्षिणायन, आणि शेवटीं ‘लहान उष्मा’ व ‘मोठा उष्मा’. ग्रीष्मारंभीं तिकडे दक्षिणेंत लहानथोरांचें वजन करून पाहण्याची चाल आहे. उन्हाळ्यानें माणूस वाळतो, हें त्यांनींही ओळखलें आहे.

सर्वांत कठीण काळ ‘सान-फू’चा. ‘फू’ म्हणजे दबून राहणें. दक्षिणायनानंतर दहा दिवसांच्या चक्रांतील एक ठराविक दिवस तिसऱ्यांदा आला कीं हा काळ लागतो, आणि ३० किंवा ४० दिवस टिकतो. या दिवसांत घरोघर मूग शिजवून त्याचें कढण निववून पितात. कोहळा, कारलें, कलिंगड खातात. येथवर आपल्याकडील आज्जीही मान डोलावील. पण त्याच तोंडानें ते सांगतात, कीं उन्हाळ्यांत आलें खावें! चरकाचार्य तर ग्रीष्मांत मधुर, शीत, द्रव व स्निग्ध अन्न सांगून तिखट वर्ज्य करितात. मग खरें कोणाचें?

आम्हांस वाटतें, दोघांचेंही. आपला ग्रीष्म कोरडा. त्यांचा उष्मा पावसाबरोबर येतो. बीजिंगचा जुलै हा सर्वांत उष्ण आणि सर्वांत पावसाळीही महिना. म्हणजे त्यांच्या ‘मोठ्या उष्म्या’ची तुलना आपल्या वैशाखाशीं नव्हे, आषाढ-श्रावणाशीं केली पाहिजे. आणि वर्षाऋतूंत अग्नि मंद होतो म्हणून वाग्भट पंचकोलाचें चूर्ण घातलेली दह्याची निवळ सांगतो. त्या पंचकोलांत सुंठ आहेच. मुगाचें यूषही आपल्या वर्षाचर्येंत आहे. तात्पर्य, नियम पाठ करण्यापूर्वीं आकाशाकडे पाहावें.

आकाशाकडे पाहावें तसें घरांतही पाहावें, हें मात्र आम्ही उशिरां शिकलों. ग्रीष्मांत दिवसा निजण्यास शास्त्राची अनुज्ञा आहे, हें वचन आम्हांस नेहमींच चटकन आठवतें. गेल्या वैशाखांत अशाच एका दुपारीं आम्ही पंख्याखालीं पोथी घेऊन पडलों होतों. आंत भांडें पडल्याचा आवाज झाला. जाऊन पाहतों तों आमचें कुटुंब शेगडीपाशीं भिंतीला टेकून खालीं बसलेलें. अंग घामानें भिजलेलें, डोळ्यांपुढें अंधारी. पाहुण्यांसाठीं पुरणपोळ्या चालल्या होत्या. सावलींत निजवून पाणी दिलें, वारा घातला. घटकाभरानें हुशारी आली. तिचे पहिले शब्द, “तवा उतरवलात का?”

त्या प्रश्नानें आमची ऋतुचर्येची सारी पंडिती लाजली. आम्हांस शीत व द्रव अन्न मिळावें म्हणून जी व्यक्ति विस्तवापुढें उभी राहते, तिची ऋतुचर्या कोणी सांगावी? चिनी कढणांतील मर्म आम्हांस तेव्हां उमगलें: तें आधीं शिजवून ठेवितां येतें, निवलेलेंच प्यावयाचें असतें, आणि भर दुपारीं चुलीची गरज उरत नाहीं.

तेव्हांपासून आमच्या घरीं चैत्र-वैशाखांत चुलीचें काम सकाळीं आठाच्या आंत उरकतें. भाजी आम्ही चिरतों. पाहुण्यांस पुरणपोळीऐवजीं पन्हें व आंबेडाळ मिळते, आणि अद्याप कोणी रुसलेलें नाहीं.

एक गोष्ट मात्र ध्यानांत असूं द्यावी. उन्हानें अंग तापून माणूस बरळूं लागला, किंवा शुद्ध हरपली, तर कढण, पन्हें, कांदा यांवर विसंबूं नये व तोंडांत कांहीं ओतूं नये. अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि विनाविलंब इस्पितळ गांठावें. चिनी वैद्यक ग्रीष्मांत राग आवरण्यास सांगतें; आमच्यासारख्या गृहस्थांनीं त्यास एवढेंच जोडावें, कीं जेवण साधें झालें म्हणूनही रागावूं नये.