परवाना परीक्षा की जातीची चाळणी?

डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेला एकच प्रश्न विचारायचा असतो. या उमेदवाराच्या हाती रुग्ण सोपवणे सुरक्षित आहे काय? उत्तर होय किंवा नाही. वाहन चालविण्याचा परवाना देताना आरटीओ पहिला-दुसरा नंबर काढत नाही.

अमेरिकेत मात्र तेच झाले. यूएसएमएलई या तेथील परवाना परीक्षेच्या ‘स्टेप 1’चे तीन आकडी गुण ही निवासी डॉक्टर निवडण्याची चाळणी बनली. हजारो अर्ज वाचायचे कोणी? अमुक गुणांखालचे अर्ज न उघडताच बाजूला! वास्तविक दोन उमेदवारांतील पाच-सात गुणांचा फरक मोजमापाच्या चुकीतच जमा होत होता. एकदा उत्तीर्ण झाल्यावर गुण सुधारण्यासाठी पुन्हा बसण्याची मुभाही नव्हती. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची सरासरी कमी, म्हणून चाळणीतून तेच अधिक गळत. अखेर 26 जानेवारी 2022 पासून ‘स्टेप 1’चा निकाल केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा झाला. (रोग गेला नाही. चाळणी ‘स्टेप 2’च्या गुणांकडे सरकली.)

आता आपला कायदा पाहा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम, 2019 च्या कलम 15 ने ‘नेक्स्ट’ ही एकच परीक्षा परवान्यासाठीही ठेवली आणि पदव्युत्तर प्रवेशासाठीही. अमेरिकेत जो गैरवापर रुग्णालयांनी केला, तो येथे संसदेनेच कलमात लिहून ठेवला! 2023 च्या विनियमांत तर लेखी परीक्षेचे गुण क्रमवारी ठरवतात आणि रुग्ण प्रत्यक्ष तपासण्याची परीक्षा नुसती उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. त्याच वर्षी ‘नेक्स्ट’ पुढे ढकलली गेली; कलम मात्र तसेच राहिले.

यात आपल्या मुलांचे काय? राखीव जागेवर प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला एमबीबीएस उत्तीर्ण होताना एका गुणाचीही सवलत नसते. उत्तीर्णतेची रेषा सर्वांना एकच. ‘कोट्यातला डॉक्टर’ या टोमण्याला हेच सरळ उत्तर आहे. परवान्याला आकडा चिकटला की ते उत्तर हिरावले जाईल. नोकरी देणारा आकडा विचारेल आणि आकड्याआडून जात विचारेल. गुणवत्तेचा जप करणाऱ्यांना आमचाही एक प्रश्न आहे. 2023 साली रिकाम्या जागा भरण्यासाठी नीट-पीजीची पात्रता सर्वच प्रवर्गांना शून्य पर्सेंटाइलवर आणली, तेव्हा गुणवत्ता कोठे गेली होती?

पदव्युत्तर प्रवेशासाठी स्पर्धा परीक्षा खुशाल घ्या, पण वेगळी घ्या. परवान्याच्या निकालपत्रावर गुण छापू नयेत, अशी स्पष्ट तरतूद विनियमांत हवी. विद्यार्थी संघटनांनी ही मागणी ‘नेक्स्ट’ची तारीख लागण्यापूर्वीच आयोगाकडे लेखी नोंदवावी.