सहा स्वारांची नावं

विद्यापीठाचं ग्रंथालय आणि एआय, असा विषय बघून आमच्या घरातले निम्मे वाचक इथूनच परत फिरतील, हे मला माहीत आहे. (आत्या, तू थांब. यात नेसरी आहे.)

नेसरी आमच्या गडहिंग्लज तालुक्यातलं गाव. २४ फेब्रुवारी १६७४ ला प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ते तिथं. कुसुमाग्रजांच्या कवितेमुळं आणि नंतर गाण्यामुळं 'सात' हा आकडा महाराष्ट्रात सगळ्यांना पाठ. भाची इतिहास घेऊन बीए करतेय. तिनं प्रकल्पाला हाच विषय घेतला आणि उरलेल्या सहा जणांची नावं चॅटजीपीटीला विचारली. नावं लगेच मिळाली. ती यादी नेटवर कित्येक वर्षं फिरतेच आहे, त्यात नवल काही नाही. खरी गंमत पुढं आहे. तिनं पुरावा मागितला, तर यंत्रानं एका मराठी पुस्तकाचं नाव दिलं, प्रकाशक दिला, वर्ष दिलं, वर पान नंबरही दिला. "मावशी, पान नंबरसकट दिलंय की, खोटं कसं असंल?" हा तिचा प्रश्न. तसं पुस्तक तिच्या कॉलेजच्या ग्रंथालयात नाही, गावात नाही, आणि प्रकाशकाच्या यादीतही नाही. ते कधी छापलंच गेलेलं नाही.

आता खरं काय आहे ते पाहू. त्या वेळच्या इंग्रजांच्या कागदांत, लढाईनंतर महिना-दीड महिन्यात लिहिलेलं नारायण शेणवीचं पत्र आहे. प्रतापराव सहा स्वारांसह पडले, एवढंच त्यात येतं. नावं नाहीत. सभासदाची बखर झाली १६९४ च्या सुमारास, तिकडं जिंजीला, म्हणजे वीस वर्षांनी. इंग्रजांचे हे कागद पुण्यात १९३१ साली 'इंग्लिश रेकॉर्ड्स ऑन शिवाजी' या नावानं ग्रंथरूपात आले. जुन्या ग्रंथालयांत ते असतात. पण ते आहेत, हे सांगणारा माणूस भेटायला लागतो. माझं सगळं म्हणणं याच माणसाबद्दल आहे.

एआयचा जबाबदार वापर म्हटलं की आपल्याकडं दोनच गोष्टी सुचतात, बंदी किंवा पकडापकडी. बंदी पाळली जात नाही, त्यावर काय लिहायचं! पकडापकडीचं मात्र बघण्यासारखं आहे. यूजीसीचे वाङ्मयचौर्याचे नियम २०१८ चे. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढं पायऱ्या आहेत आणि प्रबंधात साठच्या वर गेलं तर थेट नोंदणी रद्द. सॉफ्टवेअर लावून हा टक्का काढायचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयाकडंच येतं. पण तो टक्का साम्याचा. यंत्रानं नव्यानं जुळवलेलं वाक्य कुठल्याच जुन्या वाक्याशी जुळत नाही, ते सुखरूप पार होतं. उलट चांगल्या ग्रंथाचा उतारा अवतरणचिन्ह न देता घेणारं भाबडं पोर सापडतं.

मग म्हणे एआय ओळखणारं सॉफ्टवेअर आणा. चॅटजीपीटी काढणाऱ्या ओपनएआयनंच असं एक साधन काढलं होतं आणि अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये ते मागं घेतलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतः लिहिलेले निबंध त्यांना दिले, तर सरासरी निम्म्याहून जास्त निबंध यंत्रानं लिहिलेले ठरले! साधी, मोजक्या शब्दांची इंग्रजी लिहिणं हा त्या बिचाऱ्यांचा गुन्हा. चंदगड-आजऱ्याकडून येऊन इंग्रजीत प्रबंध लिहिणारी आमची मुलं दुसरं काय लिहितात? असला टक्का छापून कुणाच्या हातात शिक्षा म्हणून देणं मला अन्यायाचं वाटतं. ग्रंथालयानं या कामाला सरळ नाही म्हणावं.

त्यापेक्षा दुसरं काम करावं, जे त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच येत नाही. संदर्भ खरा आहे की नाही ते शोधायचं. पुस्तक आहे का, त्या पानावर तेच आहे का, मूळ कागद कुठला. हे फक्त विद्यार्थ्यांपुरतं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं प्राप्तिकर खात्याचा एक आकारणी आदेश रद्द केला. आदेशात आधार म्हणून दिलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. शिकलेली, पगारी माणसं होती ती.

आपल्या भागाला हे जमू नये असं काही नाही. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे. देशात इतर कुठं व्हायच्या आधी, १९४५ साली, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला तो कोल्हापूर संस्थानात. १९६२ ला शिवाजी विद्यापीठ आलं आणि तिथं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकरांच्या नावाचं मोठं ग्रंथालय उभं राहिलं. पण ते कोल्हापुरात. इथल्या पोरांना एसटीनं जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो आणि चॅटजीपीटी मात्र खिशात असतं. या शर्यतीत ग्रंथपाल कसा जिंकणार? तालुक्याच्या कॉलेजातली ग्रंथपालाची जागा रिकामी असली, तर शर्यतच नाही.

मराठीचा प्रश्न आणखी वेगळा. शोधगंगेवर मराठी प्रबंध आहेत, पण कित्येक नुसते स्कॅन केलेले, शब्द टाकून शोधता येत नाहीत. जे यंत्राला वाचता येत नाही, तिथं ते अंदाज बांधतं. नेसरीची यादी अशीच पक्की होत जाते, एका ठिकाणाहून दुसरीकडं. आपली पानं नीट वाचण्याजोगी करणं हेही मी जबाबदार वापरातच धरीन, आणि ते ग्रंथालयाशिवाय कोण करणार? मुलाखती घेणाऱ्या संशोधकांना एक गोष्ट मात्र आत्ताच कुणीतरी बजावायला हवी: लोकांनी विश्वासानं सांगितलेलं, नावागावासकट, या खिडकीत चिकटवायचं नाही.

यंत्र वापरूच नये असं मी म्हणत नाही. भाचीला मोडीतून लिप्यंतर केलेल्या एका पत्राचा अर्थ लावायला त्यानं चांगली मदत केली. शब्द अडले तिथं कोश उघडला, एवढंच.

माझी मागणी फार मोठी नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एक माणूस आणि एक फोन नंबर असावा. गडहिंग्लज, गारगोटी, कुठूनही विद्यार्थ्यानं संदर्भ पाठवावा, आणि दोन दिवसांत 'आहे' किंवा 'नाही' असं उत्तर यावं. असेल तर त्या पानाचा फोटोही. जूनमध्ये प्रवेश होतात तेव्हाच हा नंबर ओळखपत्राच्या मागं छापून द्यावा. तिथं नाहीतरी नुसते नियमच असतात.